वायरमनबरोबर

रविवारी सकाळी सात वाजता
विश्रामबागवाड्यासमोर आम्ही बावीस जण,
टोप्या, बाटल्या, पायात पळायचे बूट.
आणि बाबा. चपला. हातात काहीच नाही.

अद्वय केळापुरे नावाचा मुलगा
कमरेच्या छोट्या स्पीकरमधून सांगतो
सुरूच्या आकाराचे सागवानी खांब,
दुसरा बाजीराव, खर्च, आग, डागडुजी.
सगळे खांबांचे फोटो काढतात.
बाबा सज्जाखाली बघतात.
"पट्टी काढली वाटतं. बरं केलं.
मीच ठोकली होती. लाकूड खिळा आत घेईना,
अन्वर म्हणाला, साबण लाव खिळ्याला."

साबण.
मी वहीत लिहिलं, साल लिहायचं राहिलं.

तुळशीबागेतून जाताना
पितळी भांडी, क्लिपा, पोलपाट,
दुकानं अजून अर्धी मिटलेली.
अद्वय शिखराकडे बोट दाखवतो,
बाबा मीटरच्या पेटीकडे.
एक बाई मला हळूच विचारते,
"तुमचे वडील इतिहासाचे का?"
"नाही," मी म्हणालो, "महापालिकेचे."

चौतीस वर्षं हा माणूस
काळ्या टेपचा वास घेऊन घरी आला.
आज कुठल्या इमारतीत होतात,
हे मी एकदाही विचारलं नव्हतं.
जेवण झालं का, एवढंच.

मंडईपाशी अद्वयनं आवाज चढवला:
अष्टकोन, मनोरा, इंग्रजी अमदानी.
मग थांबून, स्पीकर बंद करून,
"काका, तुम्ही वर गेला होतात?"

"गेलो होतो. पावसाळ्यात.
वर कबुतरं आणि मी.
खाली सगळी पेठ काळी.
फ्यूज घातला, तर आधी
इथले गाळे लागले,
मग खाली कोणीतरी शिवी दिली.
आनंदाची. ऐकू आली वरपर्यंत."

कोणी फोटो काढला नाही.
काढण्यासारखं समोर काही नव्हतं.

घोळका पुढच्या ठिकाणी निघाला.
बाबा आत, ओट्यांच्या रांगेत,
मान वर करून मोजत उभे.
"तिसरा लागत नाहीये.
होल्डर सैल असणार."

वांग्यांच्या ढिगामागून
बाईनं तराजू खणकन टेकवला.
"काय देऊ? की नुसतं वरच बघणार?"

"पाव किलो," बाबा म्हणाले,
वरच बघत.