येणे बाकी

रवळू सुताराच्या वहीत, लाल शाईनं:
मडमेची पेटी, साग, साडेअकरा रुपये.
पितळी कड्या सहा.
काळे हातमोजे बारा जोड,
रडू न येणाऱ्यांचेही त्यात आले.
घोडा काळा मिळंना,
तांबड्यालाच काजळ फासलं, चार आणे.
बावड्याच्या वाटेवर ते घामानं ओघळलं,
साहेबानं चार आणे कापले.

त्याच पानाच्या तळाशी, शिसपेन्सिलीनं:
मीठ, दोन पैसे. रोख.
फळी, पेटीतून उरलेली.
नाव लिहिलेलं नाही.
पोर सात महिन्यांची होती,
एवढंच घरात ठाऊक.
पंचगंगेकाठी खड्डा त्यानंच खणला,
म्हणून मजुरीचा रकाना कोरा.

साहेब बदलून पुण्याला गेला.
साडेअकरा, वजा चार आणे,
अजून येणे.
वही आम्ही रद्दीत घातलेली नाही.