चौदा तासांचा दिवस

केमीत डिसेंबरचा दिवस
तीन तासांचा, तोही उसना.
सूर्य कागद गिरणीच्या धुराड्यापर्यंत येतो,
टेकतो, आणि नको म्हणून परत फिरतो.

लावींना चौदा तास उजेड लागतो.
दुकानदाराने हे सांगितलं
औषधाचा डोस सांगावा तसं,
आणि वर एक टायमर गळ्यात मारला,
खट्‌ करणारा, सोळा युरोंचा.

जिथे आईचं शिवणाचं मशीन होतं
तिथे आता पिंजरा.
तीन लावी. बाबांनी त्यांना नावं दिली बंदरांची:
राहे, कोक्कोला, तोर्नियो.
एकतीस वर्षं ते बर्फ फोडणाऱ्या जहाजाच्या पोटात होते,
जमिनीवरची नावं त्यांना फारशी येत नाहीत.

पिंजऱ्याच्या छताला आतून मी उशी शिवली.
दचकली की लावी सरळ वर उडते,
पाखरासारखी नाही, बाटलीच्या बुचासारखी.
वॉशिंग मशीन गरगरलं की तिन्ही बुचं एकदम.
म्हणून कपडे आता तळघरात धुते.

वाळूचं ताट. शिंपल्यांचा चुरा, वाटीत.
कोपऱ्यात गवत, पुढे जुन्या पडद्याचा तुकडा,
कारण अंडं ही काही चारचौघांत करायची गोष्ट नाही.
मग मी वाट बघत बसले
आणि तिथेच चुकले.
वाट बघणारा डोळा त्यांना कोल्ह्याचा वाटतो.

पहिला आठवडा गेला.
दुसऱ्यात नुसती पिसं.
तिसऱ्यात कोक्कोलाने काहीतरी मऊ, बिनकवचाचं टाकलं
आणि स्वतःच तुडवलं.
मी शिंपले वाढवले.

बाबा ऑक्टोबरपासून खोलीतच.
आई गेली तेव्हापासून, असं मी म्हणत नाही.
ते म्हणतात, गुडघा.
फिरून या, सौनाला जा, पेन्ट्टीकाकांना फोन करा,
सांगून सांगून माझी जीभ झिजली.
ढिम्म.

पहाटे पाचला टायमर खट्‌ करतो
आणि त्यांच्या दाराखालून पिवळी पट्टी आत सरकते,
हा हिशेब मी केलाच नव्हता.
एकदा पाणी प्यायला उठले तर
बाबा स्टुलावर, पायांत लोकरी मोजे,
पिंजऱ्याकडे पाठ.
‘बघायचं नाही त्यांच्याकडे,’ ते म्हणाले,
‘नुसतं इथे असायचं. इंजिनाचंही तेच.
टक लावून ऐकलंस की दुखणं लपवतं.’

मग रोजच. पाच ते सात, कॉफी, पाठ करून.
मी पांघरुणात पडून फटीतून ऐकायची
ते तीन बंदरांना हवामान सांगत:
बर्फ साठ सेंटिमीटर, वारा ईशान्येचा,
पुढचं दिसतंय, बऱ्यापैकी.

आई होती तेव्हा डिसेंबरात
रोज चारला खिडकीत दिवा लावी.
समुद्रावरून तो दिसत नसे.
इतक्या लांबून कसा दिसणार, बाबा म्हणत,
पण चार वाजले की मी वर डेकवर यायचो.

अंडं आलं एका मंगळवारी, दुपार कलल्यावर.
गवतात नाही, वाळूत नाही,
पडद्यामागे तर नाहीच.
पाण्याच्या भांड्याशेजारी, उघड्यावर,
जिथे मी काहीच मांडलं नव्हतं.
जायफळाहून जरासं मोठं, कोमट,
कुणीतरी तपकिरी ब्रश घाईत झटकल्यासारखं.
तिघीही अशा दाणे टिपत होत्या
की जणू आमचा काय संबंध.

बाबांनी ते तळहातावर घेतलं,
तेलाने कायमच्या काळ्या झालेल्या रेघांवर,
आणि बराच वेळ दिव्याखाली धरलं.
मग विचारलं, दुसरं येईपर्यंत थांबायचं
की आत्ताच उकडायचं?

दोघांत एक. अडीच मिनिटं.
सोललं त्यांनी, कवचाचा एक कपचा माझ्या अर्ध्यात राहिला.
मीठ जास्त झालं.

बाहेर अंधार केव्हाचाच.
टायमर सातला बंद होईल, अजून तीन तास होते.
बाबांनी पायाने दुसरं स्टूल पुढे ढकललं.
‘बस,’ म्हणाले. ‘तिकडे तोंड करून.’