रकाना सतरा

'संभाव्य कारण' असं एकवचनात छापलंय.
खाली जागा दीड ओळ.

पेट्रोल मीच गाळलं होतं.
काचेच्या भांड्यात धरून तळ पाहिला, पाणी नव्हतं.
म्हणजे मला दिसलं नाही.
सकाळचे पावणेसात, हँगरमधला बल्ब चाळीसचा.

कार्ब्युरेटरमध्ये बर्फ धरतो कधीकधी,
फेब्रुवारीत, सांवेरकडून धुकं सरकत आलं की.
पण बर्फ पुरावा ठेवत नाही.
इंदूरहून जीप येईस्तोवर नळी कोरडी
आणि उन्हानं कोमट.

कुंभारमाशी.
हिच्याविषयी नीट बोलायला हवं.
वेगमापकाची नळी करंगळीहून बारीक,
तिच्या तोंडावर आम्ही लाल फितीचं टोपण घालतो,
कारण माशीला नेमकं तिथंच घर बांधायचं असतं.
चिमूटभर चिखल पुरतो. मग काटा खोटं बोलतो,
आणि माणूस काट्यावर विश्वास ठेवतो.
टोपण मी काढलं. काढताना आत पाहिलं का?
बहुधा.
'बहुधा' इथं चालत नाही.

दुलेसिंग म्हणतो, आधी आवाज थांबला, मग विमान वळलं.
त्याची बायको म्हणते, आधी वळलं.
दोघं एकाच बांधावर उभी होती.

डॉक्टर कस्तुरे, दंतवैद्य, वय एकसष्ट,
आदल्या रात्री लेकीशी फोनवर दीडपर्यंत.
झोपेला रकाना नाही.

तिसऱ्या मजल्यावर त्यांचा जबडा तारेनं बांधलाय.
जन्मभर लोकांना 'आ करा' म्हणाले,
आता ओठांच्या फटीतून मुगाचं पाणी.
मी सवयीनं पोहे नेले होते, जिरावण घालून.
पुडा परत पिशवीत सारला.

पाटीवर लिहितात : काय झालं होतं रे?
म्हटलं, आत तर तुम्ही होतात.
तळव्यानं पुसतात. बराच वेळ काही नाही.
मग : जवस फुललं होतं.
मग, त्याच्याखाली, वाकडं : निळं. खाली पण.

हे मी सतरामध्ये लिहिलेलं नाही.

रात्री ताडपत्री वर करून
मोडक्या पंखाची नळी बॅटरीनं पाहिली.
तोंडाशी माती.
छातीत धस्स झालं.
नखानं उकरली,

ओली होती. आजचीच.