खोली क्रमांक तीन

तासाला सहा लारी,
म्हणजे भट्टीतले चार लांबट पाव,
आणि बसायला खुर्ची, जिचा एक आखूड पाय
मी घडी घातलेल्या तिकिटाने सावरलाय.
त्बिलिसीच्या या कारखान्यात पूर्वी सैनिकांचे कोट शिवत.
अजून फरशीच्या फटीत सुया सापडतात.
आता अंधार, पांढरी भिंत, प्रोजेक्टर
आणि अकरा मिनिटांची एक बाई:
काच पुसते, आतून.

दिवसातून चाळीस वेळा पुसते.
मी चाळीस वेळा बघते, म्हणजे बघत नाही.
लोक येतात, फोन उंच धरतात,
काचेतून काच टिपतात.
नऊ सेकंद. मी मोजलेत.
त्यातलं शेवटचं दार शोधण्यात जातं.

वाख्तांग सरांनी निबंध दिलाय:
डिजिटल काळात प्रतिमेचं काय उरतं?
माझी चार वाक्यं झालीत.
त्यातली दोन सरांचीच.

शेजारच्या खोलीची राखण लामाराकडे.
ती इथंच काजं करायची, एकोणीस वर्षं.
जेवणाच्या सुट्टीत म्हणाली,
"पोरी, तुझ्या बाईनं फडकं उलटं धरलंय.
शिवण वर आलीय बघ.
सातव्या मिनिटाला तिच्या ध्यानात येतं
आणि ती तशीच पुसत राहते."

माझा तो पाचवा आठवडा होता.
कॅटलॉगमध्ये लिहिलंय, 'श्रम आणि पारदर्शकता'.
फडक्याबद्दल अवाक्षर नाही.

आई नेपल्सला.
तिथल्या एका म्हाताऱ्याला भरवते, न्हाऊ घालते, निजवते,
मग साडेनऊला माझ्या फोनात उगवते.
नेटवर्क दमलं की गोठते:
एक डोळा अर्धा मिटलेला,
तोंड कुठल्याशा स्वरावर उघडं,
गालाचे चौकोन चौकोन.
आवाज मात्र थांबत नाही, पुढे निघून जातो,
घरभाडं, माझा खोकला, तिकडचे टोमॅटो.
अशा गोठलेल्या आया मी साठवते.
तीनशे बारा झाल्यात.
नुत्सा म्हणते, हेच लाव भिंतीवर, नाव काढशील.
आईला विचारलं.
म्हणाली, "आधी सांगायचंस ना,
केस तरी विंचरले असते."

गुरुवारी वीज गेली.
प्रोजेक्टरने एक लांब सुस्कारा टाकला, बाई विझली.
सात-आठ फोन तसेच वर,
अंधाराचं चित्रण करत.
एका शाळकरी पोराने विचारलं, "संपलं?"
दारातून लामाराचा आवाज आला,
दिवा नाही, टॉर्च नाही, नुसता आवाज:
"नाही रे, अजून चार मिनिटं आहेत.
आता ती कोपऱ्याकडे वळलीय.
तिथं एक डाग आहे. तो बाहेरून आहे, तिला ठाऊक नाही.
नखाने खरवडते.
थांबली. बोट चोखते.
आता काचेजवळ तोंड नेते आणि..."
आणि त्या काळोखात
कुणीतरी खरंच हाऽऽ केलं.

फोन एकेक करून खाली आले.
बॅटऱ्या संपल्या असतील, नसतील.
मी मोजायचं विसरले.

वीज आली तेव्हा भिंतीवर निळा चौकोन:
अपडेट करायचं? आत्ता की नंतर?
लामारा म्हणाली, "त्याला सांग, बाई कामात आहे."
मी 'नंतर' दाबलं.

रात्री आई पुन्हा गोठली.
हात सवयीने बटणाकडे गेला.
तीनशे तेरावी छान होती,
भुवई अशी उडालेली की कुठल्याही भिंतीने मागून घ्यावी.
"दिसत नाहीयेस," मी म्हटलं, "पण बोल तू."
ती बोलत राहिली.
मी फोन उपडा ठेवला टेबलावर
आणि कान लावून तिचे हात बघत बसले:
नळ, भांडं, पिळलेला कपडा.

"तुझं काय चाललंय?"
"निबंध."
"कशावर?"
"फडक्यावर."
तिकडे पाणी बंद झालं.
"कसलं फडकं?" म्हणाली.
मग मी सांगायला लागले,
पहिल्या मिनिटापासून.