भावासाठी चौकशी

नंबर मला औषधाच्या दुकानात मिळाला.
भिंतीवरच्या कागदाला खाली कात्रीनं झालर केलेली,
प्रत्येक पट्टीवर तोच नंबर,
तीन पट्ट्या आधीच कुणी नेलेल्या.
मी फाडली नाही. पावतीमागे लिहून घेतला.
फाडताना आवाज होतो.

फोनवर म्हणाले, भावासाठी विचारते आहे.
हो, भाऊ. खेकड्यांच्या कारखान्यात पाय सोलतो.
हात चांगला आहे त्याचा,
फक्त सकाळी दहापर्यंत थरथरतो.
पलीकडचा माणूस खाकरला.
मंगळवारी सात, बंबवाल्यांच्या ठाण्यामागची खोली.
आणि भावाला सांगा,
दार अडकतं. खांदा लावायचा.

दोन मंगळवार मी भावाला काहीच सांगितलं नाही.

पुंता अरेनासमध्ये वारा सुटतो तेव्हा
चौकात खांबांना दोर बांधतात,
माणसं उडून जाऊ नयेत म्हणून.
(बाहेरच्यांना थाप वाटते. वाटू दे.)
सामुद्रधुनीवरून तो येतो पत्रे वाजवत
आणि अख्खं गाव माझ्यासारखं चालायला लागतं:
बँकेचा मॅनेजर, नन, दप्तरवाली पोरं,
सगळे तिरके, सगळे पाय फाकवून,
एक हात दोरावर.
वर्षातले हेच दिवस मला आवडायचे.
मी कशानं झोकांडते आहे
ते कुणाला कळायचं नाही.

तिसऱ्या मंगळवारी मी कोरडी होते. दुपारपासून.
दुपारपासून म्हणजे साडेचारपासून.
कामावरून तशीच निघाले, दोर धरला,
तर पुढे एक म्हातारा त्याच दोराला.
त्याच्या ओझ्यानं दोर माझ्या मुठीत हलायचा,
माझ्या ओझ्यानं त्याच्या.
दोर संपला तिथं तो वळला. मीही.
त्यानं दाराला खांदा लावला,
माझ्यासाठी धरून ठेवलं.
मी आभार मानले.
तो खाकरला. म्हणाला,
भाऊ नाही आला?

आत सात खुर्च्या, खुंट्यांवर शिरस्त्राणं,
भोपळ्याच्या पुऱ्या, गार झालेल्या.
चहाचा कप अर्धाच भरून देतात.
कंजूष लोक, मला वाटलं,
कप तोंडाशी नेईपर्यंत.

गावानं मला आजवर नावं ठेवली.
इथं नाव सांगावं लागतं.
मी बहिणीचं सांगितलं: ओलाया.
बिचारी थेंबाला शिवत नाही.
ये, ओलाया, सगळे म्हणाले.
पाच आठवडे मी ओलाया होते.
ती माझ्याहून बरी बाई, बोलायची तरी.
मुलगा आत वेदीपाशी मेणबत्ती धरून उभा होता
आणि त्याची आई पायरीवर
बुटाची नाडी बांधत बसली, तासभर,
हे तिनंच सांगितलं.

मग एका रविवारी एप्रन धुवायला काढला.
छातीवर, लाल दोऱ्यानं, कारखान्याची शिलाई:
नेल्दा.
पहिल्या दिवसापासून.
सातही जणांनी वाचलेलं.
आणि म्हणत राहिले, ये, ओलाया,
साखर घे, ओलाया.
बादलीपाशी उकिडवी बसून मी हसले की काय केलं,
साबणाचं पाणी डोळ्यांत गेलं एवढं खरं.

पुढच्या मंगळवारी खरं नाव सांगितलं.
कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत.
रोसामेल म्हातारा फक्त म्हणाला,
आणि भाऊ कसा आहे?

मार्चमध्ये दोर काढून नेले.
आता चौक उघडा, सगळे सरळ चालतात,
मला तो ओलांडायला वेळ लागतो.
एप्रिलमध्ये घसरले. दोन दिवस.
तिसऱ्या दिवशी दार खरंच अडकलं होतं,
आतून कुणीतरी ओढलं तेव्हा उघडलं.
पुन्हा एकापासून. आज अठरा.

काल रोसामेलनं कप भरून दिला,
काठोकाठ.
मी उचलला नाही अजून.
टेबलावरच ठेवला,
वाकून वरचा घोट घेतला, मांजरासारखा.