उसनवार

ओउलूच्या किनाऱ्याला समुद्र गोठलाय
आणि हिल्लेवीचा प्रोग्रॅम धापा टाकतोय.

रडारकडून बर्फाचं चित्र येतं, लगेच दुसरं:
भेगा, उंचवटे, वाहत निघालेले तुकडे.
प्रत्येकासाठी तो मेमरीच्या दारात उभा,
चोवीस बाइट द्या, चाळीस द्या, परत चोवीस,
आणि काम झालं की
एकेकाला हाताला धरून माघारी पोचवायचं.
तिनं मोजून पाहिलं.
अर्धा वेळ या ने-आणीतच जातो.

शनिवारी ती वडिलांच्या शेडमध्ये असते.
ओस्मो ऑक्टोबरात गेला.
तेव्हापासून एकेक वस्तू उचलायची,
ही ठेवू? कुणाला देऊ? कुणाची आहे मुळात?
कॉफीच्या डब्यात खिळे,
वाकलेले, ठोकून सरळ केलेले, पुन्हा वाकलेले.
अकरा शनिवारांत दीड फळी रिकामी झाली.

सोमवारी तिनं अरीना लिहिला.
एकच मोठा सलग तुकडा मागायचा, एकदाच.
सुरुवातीला बोट ठेवायचं.
जो येईल त्याला बोटाशी बसवायचं,
बोट पुढे.
पंगतच ती: आला तो शेवटच्या पानावर,
आठाच्या पटीत बसायचं म्हणून
मध्ये कुठे चार बोटं जागा सुटते, सुटू दे,
आणि मध्येच कुणी उठायचं नाही.
चित्र संपलं की सगळे एकदम.
पानंसुद्धा उचलायची नाहीत,
नुसतं बोट परत सुरुवातीला आणायचं.

एक भेग मात्र तिला पुढच्या चित्रापर्यंत हवी होती.
कंपायलर लाल झाला:
उसनं घेतलेलं तितका वेळ जगत नाही.
हे तिनं तीनदा वाचलं.
(रस्ट या बाबतीत खाष्ट आहे,
बाहेर कुणाच्या मुठीत आतलं काही असेल
तर पंगत उठूच देत नाही.)
मग भेगेची नक्कल केली, स्वतःच्या मालकीची,
आणि कॉफी प्यायला गेली.

चाळीस मिलिसेकंदांचं काम सहावर आलं.
यालमारी म्हणाला, जादू.
ती म्हणाली, जादू कसली,
निरोप घेणं बंद केलं एवढंच.

बुधवारी पहाटे तीनला सगळं ठप्प.
नवी फाइल उघडेना.
दर चित्रामागे एक फाइल उघडली होती
आणि तीही पंगतीतच बसवली होती.
एरवी रस्टमध्ये जाणारा जाताना
आपलं दार आपण लावून जातो.
इथे जाताना कुणालाच कुणी विचारलं नव्हतं.
हजारभर दारं
उघडीच.
तिनं फाइल तेवढी बाहेर काढली.
बाकीच्यांना निरोपाची गरज नव्हती,
चोवीस बाइटांच्या भेगेला काय बोलायचं असणार.

शनिवारी शेडपुढे हिरवा कंटेनर.
न बघता भरायचं ठरवलं होतं
आणि बारापर्यंत जमलंही:
जाळी, बादल्या, खिळ्यांचा डबा, एकुलता बूट.
शेवटी भिंतीला टेकलेला बर्फाचा गिरमिट.
दांड्यावर डागलेली अक्षरं ओस्मोची नव्हती.

वेइयो हुहताला दोन घरं सोडून राहतो.
दार उघडून त्यानं आधी गिरमिटाकडे पाहिलं,
मग तिच्याकडे.
"चार हिवाळे झाले," म्हणाला.
पात्यावरून अंगठा फिरवला, थांबला.
"धार लावलीये की त्यानं."

ते तसेच बर्फावर गेले.
हिल्लेवीच्या रडारचा अंदाज बेचाळीस सेंटिमीटर.
वेइयोनं भोक पाडलं, काठी सोडली,
नखानं खूण धरून वर काढली:
एकोणचाळीस.
"परत मोज," ती म्हणाली.
त्यानं काठी तिच्या हातात दिली.