चौथ्या आणि पाचव्याच्या मध्ये

कुटबणच्या जेटीवर बर्फाचा कारखाना होता.
त्याच्या माडीवर, जिथे पूर्वी भुसा साठवायचे,
आम्ही अंड्यांचे चारशे ट्रे भिंतींना ठोकले
आणि स्टुडिओ म्हणालो.
अंडी कुणी खाल्ली ते विचारू नका.
बेकरीवाल्या पेद्रूने वर्षभर ट्रे जमवले,
बदल्यात कॅसेटवर नाव मागितलं.
आहे ते, आतल्या कागदावर, चुकीचं छापलेलं.

बँडचं नाव मानस.
बाहेरच्यांना वाटायचं, मन वगैरे.
खाजनाच्या बांधात लाकडी दार असतं,
भरतीला मिटतं, सुकतीला उघडतं,
ते मानस.
आणि अल्बम, सुकती.
नऊ गाणी. सहा कोंकणी, दोन मराठी,
एक नुसतंच ला ला,
कारण लिझेटला शब्द सुचेनात
आणि भाडं तासावर होतं.

तास आमचे नव्हते, यंत्राचे होते.
खाली कंप्रेसर चालला की वर माइक थरथरायचा.
कायतान मालक म्हणाला,
बर्फ थांबला तर नुस्तें कुसतं.
तुमचं गाणं थांबलं तर काय कुसतं?
तरी रात्री अडीच ते चार
तो खटका खाली ओढायचा.
दीड तास. त्यात उदेश वेळीप
केप्याहून स्कूटरवर यायचा, मांडीत ड्रम धरून,
आणि अर्धा तास बोटं चोळण्यात जायचा.
थंडीने तारा ताणायच्या,
सूर आपोआप वर सरकायचा,
चौथं गाणं आम्ही बावीस वेळा वाजवलं.

मग मासळीचा हंगाम भरात आला
आणि खटका ओढणं बंद झालं.
नेल्सन गिटार मांडीवर ठेवून
बराच वेळ जमिनीकडे कान लावून बसला.
यंत्रालाच सा माना, म्हणाला.
पांढरी पाच, किंचित चढी.
पाच ते नऊ, सगळी गाणी त्या सुरात आहेत.
उदेशला कुठे थांबायचं ते यंत्र सांगायचं,
निदान तो तसं म्हणायचा.

पाचशे कॅसेट काढल्या.
मडगावच्या दुकानाने वीस ठेवल्या, विकल्या तर पैसे.
मुंबईच्या कंपनीने परत पाठवली,
पहिल्या गाण्याच्या मध्यावर थांबलेली.
पणजीच्या पेपरात भरती-ओहोटीच्या तक्त्याखाली
चार ओळी आल्या:
प्रयत्न प्रामाणिक, ध्वनिमुद्रण सदोष,
मागे सतत काहीतरी गुरगुरतं.
लिझेटचा पाय लग्नात ट्रंपेट वाजवायचा.
त्याने दोन्ही बाजू ऐकल्या, उभ्यानेच,
आणि म्हणाला, तिसऱ्यात पोरगा घाईत आहे.
जेवला होता का तो?

लिझेट स्विंडनला गेली. उदेश शाळेत शिकवतो.
नेल्सनचं मला माहीत नाही.
मी वीज खात्यात, मीटर वाचतो.
ट्रान्सफॉर्मरखाली उभा राहिलो की
पांढरी पाच, किंचित चढी,
आणि पाय आपोआप ठेका धरतो.

मागच्या मे महिन्यात कायतान ऑफिसात आला.
कारखाना कधीच बंद, यंत्र भंगारात मालप्याला गेलेलं.
पिशवीतून कॅसेट काढली, फीत चुरगळलेली.
तुझ्याकडे चांगली असेल, म्हणाला.
गाणी नकोत.
चौथ्या आणि पाचव्याच्या मध्ये जे आहे, तेवढं.

अकरा सेकंद आहेत ते.
लिझेट पाणी पीत होती, टेप चालूच राहिली.
घरी नेऊन लावली.
तो बोट वर करून ऐकत होता,
हा वाल्व. हा पट्टा, त्याच साली बदलला.
आता बघ, दम खाईल.
आणि नवव्या सेकंदाला कुणीतरी खोकतं,
ज्यावरून आम्ही चौघे वर्षानुवर्षं भांडलो,
कारण प्रत्येकाला वाटायचं, दुसरा.

तो मी, कायतान म्हणाला.
जिन्यात बसायचो.

पाचवं सुरू झालं. बंद करू का, मी विचारलं.
राहू दे, म्हणाला.
लागलंच आहे तर.